नंदी नसलेल्या महादेवाकडे : अंबाबाई, वाडी आणि खिद्रापूर

आईची एक जुनी सवय आहे. महादेवाच्या कुठल्याही देवळात गेली की ती आधी नंदीपाशी वाकते, अंगठा आणि तर्जनी त्याच्या शिंगांवर टेकवते आणि त्या चौकटीतून पिंडी पाहते. मगच गाभाऱ्याकडे वळते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरच्या कोपेश्वरापुढे नंदीच नाही, हे मी तिला निघताना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आमच्या प्रवासाचा चौथा दिवस घडला नसता.

खिद्रापूर मी वीस वर्षांपूर्वी कॉलेजच्या सहलीत अर्ध्या तासात 'उरकलं' होतं. त्याची चुटपुट मनात होती. यंदा ठरवलं, जायचं ते त्रिपुरी पौर्णिमेलाच, देवळाच्या छतातल्या गवाक्षातून चंद्र आत उतरतो त्या रात्री, आणि आईला घेऊन. तिला ७१वं सरलंय, गुडघे कुरकुरतात, पण देवळाच्या पायऱ्या समोर आल्या की तिला कोणाचा हात लागत नाही.

पहिला दिवस, कार्तिक शुद्ध त्रयोदशी : कोल्हापूर

पुण्याहून सकाळी निघून दुपारी कोल्हापुरात. संध्याकाळी अंबाबाईच्या रांगेत उभं राहण्याआधी महाद्वाराजवळ ओटीचं सामान घेतलं. खणाच्या घड्या नीट लावत त्या बाई म्हणाल्या, "दोन दिस आधी आला असता तर किरणं घावली असती की ओ ताई."

किरणोत्सव नुकताच संपला होता. वर्षातून दोनदा, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत, मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं. गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असं पुढे सरकत ते गाभाऱ्यात पोचतं. पहिल्या दिवशी देवीचे पाय, दुसऱ्या दिवशी कमर-छाती, तिसऱ्या दिवशी मुख. अंबाबाई पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे म्हणून हे शक्य होतं. ढग आले, हवेत धुरळा असला किंवा वाटेत एखादी इमारत आडवी आली, तर किरणं मधेच विरतात. त्या बाईंनी मला हे सगळं उंबऱ्याउंबऱ्यानिशी सांगितलं. एखाद्या घरच्या पाहुण्याबद्दल बोलावं तसं : "काल पितळी उंबऱ्यापतुर आलती, आज आत जात्यात का बघायचं." दिवसभर दुकान सांभाळणारी ही बाई त्या तीन संध्याकाळी गिऱ्हाईक सोडून ऊन कुठवर आलं ते बघत उभी राहते, हे मला फार आवडलं.

आम्हाला दर्शन ट्यूबलाइटच्या उजेडातच झालं. तरी रांग पितळी उंबऱ्याशी आली तेव्हा आई क्षणभर थांबली आणि मागे वळून महाद्वाराच्या दिशेने पाहिलं. किरणं कुठून येत असतील त्याचा ती अंदाज घेत होती.

कोल्हापुरात वेळ कमी असेल तर पहाटेचं दर्शन घ्यावं. शुक्रवार, मंगळवार आणि पौर्णिमा टाळता आली तर रांग निम्म्यावर येते. किरणोत्सवाला जाणार असाल तर ऊन मावळतीचं असतं हे लक्षात ठेवून दुपारी चारच्या आतच आवारात पोचायला हवं, पुढे पाय ठेवायला जागा नसते.

दुसरा दिवस, वैकुंठ चतुर्दशी : वाडी आणि पहिलं खिद्रापूर

कोल्हापूरहून नृसिंहवाडी पन्नासेक किलोमीटर. बोलताना कोणी नृसिंहवाडी म्हणत नाही, नरसोबाची वाडी किंवा नुसती वाडी. एसटी भरपूर. रेल्वेने येणाऱ्यांनी जयसिंगपूर किंवा मिरजेला उतरावं. मुक्कामासाठी वाडीच योग्य, खिद्रापुरात राहायची सोय धरून जाऊ नये.

वाडीत कृष्णा आणि पंचगंगा भेटतात. घाटाच्या पायऱ्या उतरून गेलं की औदुंबराखाली दत्ताच्या मनोहर पादुका. इथे मूर्ती नाही, पादुकाच. नृसिंह सरस्वती इथे बारा वर्षं राहिले, मग गाणगापूरला गेले. देऊळ उंचावर बांधावं असं कोणाच्या मनात आलं नाही, ते नदीच्या पात्राला लागूनच आहे. त्यामुळे दर पावसाळ्यात कृष्णा आत येते. उत्तरेच्या दाराने शिरलेलं पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागलं की त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, आणि त्या पाण्यात स्नान करायला लोक लांबून धावत येतात. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर हलवतात, पादुका मात्र पाण्याखाली तिथेच राहतात.

घाटावर पूजेचं ताट घेऊन बसलेल्या एका आजोबांना मी विचारलं, पाणी चढताना भीती नाही वाटत? ते म्हणाले, "दत्ताला नदी भेटायला येते. आपण मधनं बाजूला व्हायचं." मग जरा थांबून, आवाज उतरवून, "एकोणीस साली मात्र लई आली." ऑगस्ट २०१९च्या पुरात शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात होती. आजोबांनी हाताने दाखवलेली खूण माझ्या डोक्याच्या कितीतरी वर होती.

काल ऊन, आज नदी. आपण देवाच्या भेटीला जातो एवढंच मला ठाऊक होतं. या भागात देवाच्या भेटीला आणखी कोण कोण येतं, ते तोवर लक्षात आलं नव्हतं.

वाडीत बासुंदी खाल्ली, कवठाची बर्फी बांधून घेतली. बर्फी आंबटगोड असते, पेढ्यापेक्षा मला ती कांकणभर जास्त आवडते आणि प्रवासात टिकतेही. रस्त्याकडेला वांग्यांचे ढीग होते. कृष्णाकाठची वांगी चिकणमातीतली, बी कमी. आईने दोन किलो घेतली. परतीला घ्यायला सांगून उपयोग नव्हता, तिला तोवर ती संपतील अशी खात्री होती.

दुपारी गाडी करून खिद्रापूर. कुरुंदवाडवरून सतरा-अठरा किलोमीटर, सगळा रस्ता उसातून. गळीत हंगाम सुरू झालेला, त्यामुळे उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर समोरून येत होते आणि प्रत्येक वळणावर आमच्या ड्रायव्हरला गाडी बांधावर घ्यावी लागत होती. अर्ध्या तासाच्या रस्त्याला तास धरावा. गावाला कृष्णेने तीन बाजूंनी वेढा घातलाय, पलीकडच्या काठावर कर्नाटक. गावात मराठी आणि कानडी एकाच वाक्यात ऐकू येते.

आणि मग घरांच्या मधून एकदम तो काळा दगड.

कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं, साधारण बाराव्या शतकातलं. त्यांच्यातल्या गंडरादित्य राजाचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. पुढे देवगिरीच्या यादवांनी कोल्हापूरचे शिलाहार संपवले. त्याच यादवांच्या सिंघण राजाचा देवनागरीतला संस्कृत शिलालेख इथे दक्षिणेच्या दाराशी आहे, देवाच्या पूजेसाठी दान दिल्याचा. बाकीचे लेख बहुतेक कानडी. राज्य घेणाऱ्याने आधीच्याच्या देवाची पूजा चालू ठेवली, हे त्या एका दगडावर लिहून ठेवलंय. दक्षिणेच्या दाराशी थांबून तो लेख जरूर बघावा. बहुतेक लोक त्याला पाठ टेकून फोटो काढतात.

आत शिरताना पहिला लागतो तो स्वर्गमंडप. ४८ खांबांचा गोल मंडप, आणि छताच्या मधोमध साधारण १३ फूट व्यासाचं गोल गवाक्ष, थेट आकाशात उघडणारं. त्याच्या बरोबर खाली तेवढीच गोल शिळा, भोवती १२ खांबांचं कडं. खांब इतके गुळगुळीत आणि त्यांची वलयं इतकी नेमकी की चाकावर फिरवून घडवल्यासारखे वाटतात. वर बघितलं तर कडेकडेने आपापल्या वाहनांवर बसलेले दिक्पाल. आईने मान वर केली, इंद्राचा हत्ती पाहिला, आणि पुढच्या क्षणी पदर कपाळापर्यंत ओढून डोळे खाली वळवले.

"काय झालं?"

"मोर दिसला. कार्तिकस्वामी आहे. उद्या बघते."

बायकांनी कार्तिकस्वामीचं दर्शन घ्यायचं ते फक्त कार्तिकी पौर्णिमेला, कृत्तिका नक्षत्र असताना. पुण्यात पर्वतीवर त्या एका दिवशी बायकांची रांग लागते आणि आई कित्येक वर्षं त्या रांगेत उभी राहिली आहे. माझा या नियमावर विश्वास नाही. पण इतकी सुंदर मूर्ती डोक्यावर असताना तिच्यासाठी एक दिवस थांबायचं, ही तिची वाट पाहण्याची ताकद मला माझ्यात नाही सापडत. त्या दुपारी ती पूर्ण स्वर्गमंडप खाली मान घालून चालली.

सभामंडपात अंधार आणि गारवा. जाळीच्या खिडक्यांतून उजेडाचे तुकडे फरशीवर पडलेले. आणि इथेच आई थबकली. गाभाऱ्यासमोर जागा मोकळी होती. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"अगं, नंदी कुठंय?"

पूजेला बसलेल्या गुरुजींनी हा प्रश्न रोज ऐकला असणार, तरी त्यांनी हातातलं काम ठेवून नीट उत्तर दिलं. दक्षाने यज्ञ मांडला, जावयाला बोलावलं नाही. सती तरी माहेरी निघाली, नंदीवर बसून. तिथे अपमान झाला, सतीने अग्नीत देह ठेवला. ते कळल्यावर महादेव कोपले, म्हणून हा कोपेश्वर. त्यांना शांत करायला विष्णू आले आणि तेही इथेच राहिले, ते धोपेश्वर. म्हणून गाभाऱ्यात दोन लिंगं. "आणि नंदी सतीला घेऊन गेलेला. तो यडूरला आहे, बारा किलोमीटरवर, कर्नाटकात. इथं आलाच नाही परत."

आई काही बोलली नाही. पिशवीतून तिने घरच्या वृंदावनातली तुळस आणि बेल काढला. वैकुंठ चतुर्दशीला उलट वाहायचं असतं : महादेवाला तुळस, विष्णूला बेल. खरी पूजा मध्यरात्रीची, पण एकाच गाभाऱ्यात हरी आणि हर शेजारी शेजारी असताना वेळेचं काय घेऊन बसायचं, असं ती म्हणाली. घरी हे ती दोन वेगळ्या तसबिरींपुढे करते. इथे तिचा हात वीतभर इकडून तिकडे गेला.

बाहेरच्या भिंतीला एक प्रदक्षिणा घालायला आम्हाला तास लागला. जोत्यावर ओळीने ९०च्या वर हत्ती आहेत, पाठीवर देव बसलेले, जणू सगळं देऊळ तेच उचलून धरतायत. जवळजवळ सगळ्यांच्या सोंडा तुटलेल्या. भिंतीवरच्या सुरसुंदरींची नाकं, हात फोडलेले. गावात औरंगजेबाच्या स्वारीचं नाव घेतात. फोडलेल्या चेहऱ्यांवरही कानातली कुंडलं, हारांचे पदर, केसांच्या गाठी शाबूत आहेत. मी एका मूर्तीच्या पायातले पैंजण मोजत बसले.

देवळाला लागून असलेल्या एका घराच्या ओट्यावर टेकलो, तर आतून बाई बाहेर आल्या. "कुठनं आलायसा? आज्जी, आत या की, उन्हात कशाला बसलायसा." चहा झाला, मग न विचारता ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. भिंतीवर छातीच्या उंचीला एक फिकट रेघ होती. "हितपतुर पाणी हुतं बघा. घर सोडून गेलो जनावरं घिऊन. परत आलो तवा आधी देऊळ धुतलं सगळ्यांनी मिळून, मग घरं." पुराचा गाळ स्वर्गमंडपाच्या शिळेवर साचला होता, तो घागरी-घागरींनी धुऊन काढला, असं त्यांनी सांगितलं. पैसे घ्यायला त्या तयार होईनात. आईने कालच्या अंबाबाईच्या प्रसादातला अर्धा त्यांना दिला, तो त्यांनी डोक्याला लावून घेतला.

खिद्रापूर बघायला सकाळी आठ-नऊ किंवा चारनंतरची वेळ चांगली. दुपारी अनवाणी पायांना दगड भाजतो. निदान अडीच तास द्यावेत. गावात खाण्याची दुकानं मोजकी आहेत, पाणी बरोबर ठेवावं. जवळच आदिनाथाचं जुनं जैन मंदिर आहे, चालत जाता येतं, तेही चुकवू नये. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र नदीची बातमी घेतल्याशिवाय निघू नये.

तिसरा दिवस, त्रिपुरी पौर्णिमा : रात्रीचं खिद्रापूर

दिवसभर वाडीत आराम. आईने दुपारी त्रिपुरवातीची पुडी उघडून वाती तुपात भिजवल्या. ७५० वातींचा तो जुडगा तिने श्रावणापासून घरी वळला होता.

चारच्या सुमारास आभाळ भरून आलं. मी घाबरले. एवढा खटाटोप ज्या चंद्रासाठी केला तोच दिसणार नसेल तर काय? आई म्हणाली, "तो असेलच की वर."

रात्री आठला निघालो. गर्दीमुळे गाड्या गावाबाहेरच थांबवत होते, दीड-एक किलोमीटर चालावं लागलं. पण ते चालणं आता आठवतं ते सुखाने. दोन्ही बाजूंना ऊस, वर ढगांतून झिरपणारा पांढुरका उजेड, पुढे-मागे माणसांच्या ओळी. पोरं खांद्यावर, पणत्यांची ताटं हातात. कानडीत भजन म्हणणारा एक मेळा आमच्या पुढे होता. देवळाच्या आवारात पायरीपायरीवर, हत्तींच्या पाठीशी, कट्ट्याकट्ट्यावर पणत्या. दिवसा काळे दिसणारे ते तुटके हत्ती खालून येणाऱ्या उजेडात तांबूस झाले होते. आईने एका कोपऱ्यात त्रिपुरवात लावली. शेजारच्या बाईने तिची ज्योत आपल्या हाताने आडोसा करून जपली, दोघींत एक शब्द झाला नाही.

या रात्रीचं गणित मला कळलं ते असं. कार्तिकात सूर्य दक्षिणेला बराच उतरलेला असतो. पौर्णिमेचा चंद्र त्याच्या बरोबर समोर, म्हणून तो तितकाच उत्तरेला. खिद्रापूर पावणेसतरा अंश उत्तर अक्षांशावर. तेव्हा मध्यरात्रीच्या आसपास हा चंद्र जवळजवळ थेट डोक्यावर येतो. दर वर्षी अगदी काटेकोर मध्यावर येत नाही, चंद्राची वाट थोडी इकडेतिकडे होते. पण आठ-नऊशे वर्षांपूर्वी कोणीतरी हे आकाश ओळखून वरचं गवाक्ष आणि खालची शिळा एका ओळंब्यात ठेवली असावी, असं तिथे उभं राहिल्यावर मला मनापासून वाटलं.

साडेदहाला ढग फाटले. पश्चिमेकडच्या खांबांच्या पायाशी चांदण्याचा एक लंबगोल पडला. मंडपात गडबड होती, रेटारेटी होती, फोन वर धरलेले शंभर हात होते. तो उजेड मात्र त्याच्या गतीने सरकत राहिला. शिळेच्या काठाला लागला. मग अर्ध्या शिळेवर. बारा वाजत आले तशी शिळा काठोकाठ भरली. कोणीतरी दिवे मालवायला सांगितले, आणि आवाज आपोआप खाली आला. शिळेच्या कडेला उभ्या असलेल्यांच्या सावल्या त्यांच्या पावलांत शिरल्या होत्या.

खाली पडलेलं चांदणं दगडावरून उलटून वर गेलं होतं आणि त्या उजेडात छताच्या कडेचे देव मंद दिसत होते. एका मुलाने आईला वर बघताना पाहून मोबाइलचा टॉर्च लावला. तिने हाताने नको म्हटलं. काल खाली घातलेली मान आज वर करून ती मोरावरच्या कार्तिकस्वामीकडे बघत राहिली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मीही त्याच्याकडे नव्हे, तिच्याकडे बघत होते.

परतताना गुरुजींनी पिंडीवरचं बेलाचं पान तिच्या हातात दिलं. तिने ते पदराच्या टोकाला बांधलं. गाडीपर्यंत चालताना तिने विचारलं, "यडूर इथून बाराच किलोमीटर म्हणाले ना?"

पौर्णिमेला जाणाऱ्यांसाठी थोडं. नऊच्या आत मंडपात जागा धरली तरच शिळा दिसते. वयस्कर माणसांसाठी घडीचं स्टूल न्यावं, आम्ही ते विसरलो आणि आईला तीन तास खांबाला टेकून काढावे लागले. परतीची गाडी आधीच ठरवून ठेवावी, त्या वेळी काही मिळत नाही. आणि गर्दी सोसत नसेल तर दुसऱ्या एखाद्या महिन्यातली पौर्णिमा निवडावी. चंद्र असा डोक्यावर येईलच असं नाही, पण स्वर्गमंडपात चांदणं असेल.

चौथा दिवस : यडूर

सरळ अंतर बारा किलोमीटर असलं तरी नदी मधे असल्याने रस्त्याने फेरा पडतो. गावोगावी विचारत, पाट्यांवरची मराठी संपून कानडी सुरू झालेली बघत गेलो. यडूर कृष्णेकाठीच, आणि तिथलं मोठं देऊळ वीरभद्राचं. हे वाचल्यावर मी जरा थरारलेच. सतीची बातमी कळल्यावर महादेवाने रागाने जटा आपटली, तिच्यातून वीरभद्र निघाला आणि त्याने दक्षाचा यज्ञ उधळला. म्हणजे कोपेश्वराच्या गाभाऱ्यात ऐकलेली गोष्ट नदीच्या काठाकाठाने इथवर आली होती. तिथे कोप, इथे त्या कोपाचं रूप. आणि इथेच नंदी.

कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेल्या एका आजोबांना आईने मराठीत विचारलं, त्यांनी कानडीत उत्तर दिलं. दोघांनाही एकच शब्द कळला, नंदी. ते काठी टेकत स्वतः दाखवायला आले.

आई मागच्या बाजूने गेली. गुडघ्यावर हात ठेवून वाकली, अंगठा आणि तर्जनी शिंगांवर टेकवली आणि डोळे मिटून घेतले.

"दिसला?" मी हळूच विचारलं.

"परवा पाहिलाय ना," ती डोळे न उघडता म्हणाली. "तोच बघतेय."

मग ती पुढे आली, पदराची गाठ सोडली आणि कोपेश्वराचं ते सुकत आलेलं बेलाचं पान नंदीच्या पुढ्यात ठेवलं.